हिरव्या ठिपक्यांची साक्ष

काळ्या पार्श्वभूमीवर विखुरलेले हिरवे ठिपके. डावीकडच्या चौकटीत ते लखलखीत, उजवीकडच्या चौकटीत मंद. खाली एक ओळ: अमुक फळाच्या अर्कामुळे पेशींवरील ऑक्सिडीकारक ताण कमी झाला. विज्ञानाच्या बातम्या नियमित वाचणाऱ्यांनी असे चित्र अनेकदा पाहिले असेल. बातमी एका हातातून दुसऱ्या हातात जाताना तिच्यातून आधी ‘पेशी’ हा शब्द गळतो, मग ‘प्रयोगशाळेत’ हा शब्द गळतो. शेवटी फळाचे नाव आणि ‘ताण कमी झाला’ एवढेच उरते.

अशी चित्रे काढणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. मी मूळची सांगलीची; गेली काही वर्षे बेंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये राहते आणि शहरातल्या एका प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक आणि पेशीमापनाची यंत्रे सांभाळते. त्या हिरव्या ठिपक्यांकडून किती ऐकून घ्यावे आणि कुठे थांबावे, याविषयी विद्यार्थ्यांशी बोलताना जे सांगावे लागते, तेच येथे थोडे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम ताणाविषयी. आपल्या पेशींतील तंतुकणिका अन्नातून मिळालेले इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने ऑक्सिजनपर्यंत पोहोचवतात आणि त्या प्रवासात ऊर्जा साठवतात. काही इलेक्ट्रॉन वाटेतच निसटून ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइड तयार होते. सुपरऑक्साइडपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनते. जवळपास मोकळे लोह असेल तर पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होऊ शकते. या हायड्रॉक्सिलचे आयुष्य नॅनोसेकंदाच्या आसपास असते. ते जेथे जन्मते तेथेच समोर येईल त्या रेणूला डसते. हेल्मुट सीस यांनी १९८५ मध्ये ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ या संकल्पनेची मांडणी केली, ती समतोल ढळण्याच्या अर्थाने: ऑक्सिडीकारकांचे पारडे जड होणे आणि संरक्षक यंत्रणा अपुरी पडणे.

ही मूलके केवळ शत्रू आहेत, असा समज बाजाराने रुजवला आहे. वास्तविक जंतू गिळणाऱ्या आपल्या पांढऱ्या पेशी हेतुपुरस्सर सुपरऑक्साइड तयार करतात. ते तयार करणारे विकर जन्मतःच सदोष असलेल्या मुलांना वारंवार गंभीर संसर्ग होतात. अल्प प्रमाणातील हायड्रोजन पेरॉक्साइड पेशींतर्गत निरोप पोहोचवण्याचेही काम करते. त्यामुळे ‘कमी झाले म्हणजे बरे झाले’ हे समीकरण येथे आपोआप लागू होत नाही. कोणता रेणू, कोठे, किती आणि किती वेळ, हे विचारावे लागते.

विचारायचे कसे, हीच खरी अडचण. क्षणात नाहीशा होणाऱ्या रेणूला बाटलीत भरून तराजूवर ठेवता येत नाही. म्हणून दुसऱ्या एका रेणूला आत पाठवायचे, पहिल्याशी त्याची गाठ पडू द्यायची आणि तो बदलून चमकू लागला की ती चमक मोजायची. अशा शोधक रेणूला प्रयोगशाळेच्या भाषेत फ्लुओरेसंट प्रोब म्हणतात. एका रंगाचा प्रकाश शोषून अधिक लांब तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकण्याच्या या गुणधर्माला जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये फ्लोरस्पार या खनिजावरून ‘फ्लुओरेसन्स’ हे नाव दिले. मराठीत आपण त्याला प्रतिदीप्ती म्हणतो.

या क्षेत्रातील सर्वांत लोकप्रिय शोधकाचे लांबलचक नाव डायक्लोरोडायहायड्रोफ्लुओरेसिन डायअ‍ॅसिटेट. प्रयोगशाळेत त्याला डीसीएफडीए म्हणतात. त्याच्या मूळ रसायनाचा उपयोग हायड्रोजन पेरॉक्साइडचे अत्यल्प प्रमाण मोजण्यासाठी १९६५ पासून होत आहे, आणि १९८३ मध्ये तो पांढऱ्या पेशींवर वापरण्यात आला. त्याची युक्ती सुरेख आहे. रंगहीन रेणू पेशीच्या आवरणातून आत शिरतो. आतील विकरे त्याचे दोन अ‍ॅसिटेट गट कापून टाकतात, त्यामुळे तो सहजी बाहेर पडू शकत नाही. मग त्याचे ऑक्सिडीकरण झाले की डीसीएफ हा प्रतिदीप्त रेणू तयार होतो. निळा प्रकाश टाका, हिरवा प्रकाश मिळतो. पेशी धुवायच्या, शोधक घालायचा, अंधारात अर्धा तास ठेवायचे, पुन्हा धुवायचे आणि मोजायचे. सकाळी सुरू केलेल्या प्रयोगाचे चित्र दुपारी हातात येते. या सोयीमुळेच तो जगभर पसरला, आणि त्याच सोयीमुळे त्याच्याकडून त्याच्या कुवतीबाहेरची उत्तरे मागितली जाऊ लागली.

मल्लेश्वरममध्ये राहणाऱ्याला चमकणाऱ्या गोष्टींविषयी साशंक राहण्याचे एक स्थानिक कारण आहे. संपिगे म्हणजे चाफा आणि मार्गोसा म्हणजे कडुनिंब. या दोन झाडांची नावे मिरवणाऱ्या समांतर रस्त्यांच्या या वस्तीत सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे ‘पंचवटी’ हे घर आहे. १९३३ मध्ये ते जवळच्याच भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून बेंगळुरूला आले. मात्र मला त्या घरावरून जाताना आठवते ती त्याच्या दहा वर्षे आधीची, कोलकात्यातील गोष्ट. १९२३ मध्ये त्यांचे विद्यार्थी के. आर. रामनाथन यांना द्रवांतून विखुरलेल्या प्रकाशात एक क्षीण, अनपेक्षित चमक आढळली. द्रवातील एखाद्या अशुद्ध घटकाची ही मंद प्रतिदीप्ती असावी, असा पहिला तर्क होता. म्हणून त्यांनी द्रव पुनःपुन्हा शुद्ध केला. चमक गेली नाही. पुढे ती अनेक शुद्ध द्रवांत सापडली, आणि ती ध्रुवित असल्याचेही दिसले. साध्या प्रतिदीप्तीकडून तशी अपेक्षा नव्हती. प्रतिदीप्तीचे स्पष्टीकरण अखेर सोडून द्यावे लागले. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी ज्या परिणामाची ओळख पटली, तो रामन परिणाम. आपला राष्ट्रीय विज्ञान दिन त्याच तारखेला असतो.

या कथेत मला नोबेल पारितोषिकापेक्षा पाच वर्षांचा तो मधला काळ मोलाचा वाटतो. प्रकाश दिसला, त्याला नावही मिळाले होते. तरीही ‘हा नक्की कशाचा?’ हा प्रश्न मिटवून टाकण्यात आला नाही. आमच्या क्षेत्रातील गरज नेमकी हीच आहे.

डीसीएफच्या बाबतीत हा प्रश्न विचारला की काय आढळते? पहिली गोष्ट, हा शोधक हायड्रोजन पेरॉक्साइडशी थेट अभिक्रिया जवळजवळ करतच नाही. मध्ये पेरॉक्सिडेजसारखे विकर, हीमयुक्त प्रथिन किंवा मोकळे लोह लागते. पेशी मरणपंथाला लागली की तंतुकणिकांतून सायटोक्रोम-सी बाहेर झिरपते आणि त्यामुळेही हिरवी चमक वाढू शकते. म्हणजे पेरॉक्साइड तेवढेच राहूनही चित्र उजळू शकते. दुसरी गोष्ट, ऑक्सिडीकरण होताना शोधकाचे जे मधले मूलक तयार होते, ते स्वतःच ऑक्सिजनशी अभिक्रिया करून सुपरऑक्साइड बनवते, आणि त्यापासून पेरॉक्साइड होते. मोजायला पाठवलेला माणूस स्वतःच गर्दीत भर घालतो, असा हा प्रकार. तिसरी गोष्ट, मोजण्यासाठी टाकलेल्या प्रकाशानेही त्याचे ऑक्सिडीकरण होते. सूक्ष्मदर्शकाखाली जास्त वेळ रेंगाळलात तर चमक वाढतच जाते.

इतर शोधकांनाही आपापल्या मर्यादा आहेत. डायहायड्रोएथिडियम सुपरऑक्साइडशी अभिक्रिया करून एक विशिष्ट लाल पदार्थ देते. पण इतर ऑक्सिडीकारकांमुळे त्यापासून एथिडियम बनते, आणि तेही लालच दिसते. दोन्ही लाल रंगांचे पट्टे एकमेकांवर येतात, म्हणून केवळ सूक्ष्मदर्शकातील लालीवरून निर्णय देता येत नाही. पदार्थ रासायनिक पद्धतीने वेगळे करून मोजावे लागतात. बोरोनेट गट असलेले शोधक पेरॉक्साइडसाठी अधिक निवडक म्हणून आले. मात्र पेरॉक्सिनायट्राइटशी त्यांची अभिक्रिया पेरॉक्साइडपेक्षा सुमारे दहा लाख पट वेगाने होते. प्रत्येक साक्षीदार खरे बोलतो, पण त्याने जेवढे पाहिले तेवढेच.

हे सारे पाठ्यपुस्तकी वाटू नये म्हणून आमच्याकडचा एक प्रसंग सांगते. बार्शीकडची एक विद्यार्थिनी जांभळाच्या अर्कावर काम करत होती. जूनमध्ये आठव्या क्रॉसच्या बाजारातून आणलेली जांभळे, त्यांचा अर्क, यकृताच्या पेशी, त्यांवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा मारा आणि डीसीएफडीए. तिचे आकडे देखणे होते. अर्काची मात्रा वाढवावी तशी हिरवी चमक पायरीपायरीने उतरत होती. वार्षिक सादरीकरण जवळ आले होते, आणि तिच्या मार्गदर्शकांनी आलेख पाहून समाधान व्यक्त केले होते.

मी तिला एकच विनंती केली: पेशी नसलेल्या खळग्यांत एक प्रयोग कर. प्लेटच्या रिकाम्या खळग्यांत आधीच पूर्ण ऑक्सिडीकरण झालेला, म्हणजे चमकतच असलेला डीसीएफ घाल आणि त्यावर अर्क. तेथे कमी व्हायला ना ताण होता, ना पेशी. तरीही चमक उतरली. कारण साधे होते. जांभूळ आपल्याला जांभळे दिसते तेच मुळी त्यातील रंगद्रव्ये हिरव्या पट्ट्यातील प्रकाश शोषतात म्हणून. आणि डीसीएफ नेमका हिरवा प्रकाश बाहेर टाकतो. खळग्यातला अर्क तो प्रकाश यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच गिळत होता.

ती बराच वेळ प्लेट रीडरच्या पडद्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “ताई, म्हणजे तीन महिने मी जांभळाचा रंग मोजत होते?”

“काही अंशी,” मी म्हटले. “किती अंशी, ते आता शोधू.”

पुढचा आठवडा त्यातच गेला. अर्क देऊन झाल्यावर पेशी धुऊन घेतल्या आणि मगच पेरॉक्साइड दिले, म्हणजे अर्क बाहेरच्या द्रवात पेरॉक्साइडशी परस्पर अभिक्रिया करून पेशींवरचा मारा बोथट करणार नाही. फक्त अर्क असलेले, फक्त शोधक असलेले, काहीच नसलेले खळगे ठेवले. शोधक पेशींत सारख्याच प्रमाणात शिरतो आहे का, ते पाहिले. पेशी जिवंत किती राहिल्या, हे वेगळ्या पद्धतीने मोजले. ग्लुटाथायोनचे प्रमाण रासायनिक पद्धतीने तपासले. अखेर परिणाम उरला, पण पूर्वीच्या आलेखाच्या मानाने लहान. सादरीकरणात तिने दोन्ही आलेख शेजारीशेजारी दाखवले. समितीतील एका ज्येष्ठांनी विचारले की पहिला आलेख वगळला का नाही. ती म्हणाली, “तो वगळला तर दुसऱ्याची गरज का पडली, ते कळणार नाही.” मला तिच्या त्या उत्तराचा अभिमान वाटला.

साधने सुधारतात कशी, याचे एक उत्तम उदाहरण मल्लेश्वरमच्या शेजारी, भारतीय विज्ञान संस्थेत आहे. क्षयरोगाचा जीवाणू आपल्याच संरक्षक पेशींच्या पोटात राहतो. तेथे त्याच्यावर ऑक्सिडीकारकांचा मारा होतो आणि तो टिकून राहतो. त्याच्याकडे आपल्यासारखे ग्लुटाथायोन नसते. मायकोथायॉल नावाचा वेगळा रेणू त्याचे रक्षण करतो. जीवाणूच्या आतील हा समतोल बाहेरून घातलेल्या रंगाने वाचणे कठीण. अमित सिंह यांच्या संशोधनगटाने २०१४ मध्ये यासाठी जीवाणूच्याच जनुकांत लिहिलेला शोधक मांडला: ऑक्सिडीकरणाला संवेदनशील केलेले हिरवे प्रथिन आणि त्याला जोडलेले, मायकोथायॉलची अवस्था ओळखणारे मायकोरेडॉक्सिन.

या प्रथिनाची खुबी दोन रंगांत आहे. त्याला सुमारे ४०५ आणि ४८८ नॅनोमीटरच्या प्रकाशाने आळीपाळीने उद्दीपित करतात. ऑक्सिडीकरण झाले की पहिल्या प्रकाशाला मिळणारा प्रतिसाद वाढतो आणि दुसऱ्याला मिळणारा घटतो. आपण पाहायचे ते या दोहोंचे गुणोत्तर. पेशीत शोधक कमी असो की जास्त, गुणोत्तर तेच राहते. शिवाय बदल उलटवता येतो, म्हणून कालांतराने समतोल पुन्हा सावरला का, हेही कळते. डीसीएफचा एकच रंग या गोष्टी सांगू शकत नाही.

पुढे २०१५ मध्ये पुण्याच्या आयसरमधील हरिनाथ चक्रपाणी आणि अमित सिंह यांच्या गटांनी एकत्र काम केले. जीवाणूच्या आतच सुपरऑक्साइड वाढवणारे एक संयुग त्यांनी वापरले, आणि आतून उठलेल्या या सुपरऑक्साइडला तोंड देण्याची क्षयजंतूची क्षमता तोकडी असल्याचे दाखवले. २०१९ मध्ये सिंह यांच्या गटाने आणखी एक पाऊल टाकले. एकाच संसर्गातील सगळे जीवाणू सारख्या अवस्थेत नसतात. त्यांतील अधिक क्षपणित अवस्थेतले जीवाणू औषधांना दाद देत नाहीत, आणि ही विविधता घडण्यामागे संरक्षक पेशीतील आम्लता असते, असे त्यांनी दाखवले. ती आम्लता घटवणारे क्लोरोक्विन हे जुने, हिवतापाचे औषध क्षयरोगाच्या औषधांसोबत दिल्यावर उंदीर आणि गिनीपिग यांच्यात उपचार अधिक परिणामकारक ठरले.

येथे चमकणारे चित्र निष्कर्ष म्हणून पुढे आलेले नाही. चित्राने प्रश्न सुचवला: हे जीवाणू वेगळे का दिसतात? मग त्याचे उत्तर जीवाणू जगले की मेले या कसोटीवर, आणि त्यानंतर प्राण्यांच्या शरीरात तपासले गेले. रुग्णांपर्यंतचा रस्ता त्याच्याही पुढचा आहे. ज्या देशात जगातील सर्वाधिक क्षयरोगी आहेत, तेथे अशा प्रत्येक पायरीचे मोल वेगळे सांगायला नको.

हे सारे आठवण्याचे कारण मावशीचा फोन. मिरजेत तिच्यावर किरणोपचार चालू होते. कोणीतरी तिला एका अँटिऑक्सिडंट कॅप्सूलची जाहिरात पाठवली होती, आणि जाहिरातीत तेच चित्र: डावीकडे लखलखीत, उजवीकडे मंद. मावशी म्हणाली, “अगं, तू तिथे हेच काम करतेस ना? मग सांग, घेऊ का मी या गोळ्या?”

क्षणभर मला बोलता आले नाही. किरणोपचार कर्करोगाच्या पेशी मारतात ते बऱ्याच अंशी त्यांच्यात हीच ऑक्सिडीकारक मूलके निर्माण करून. ज्या ताणाला जाहिरात शत्रू म्हणत होती, तोच त्या काही आठवड्यांपुरता मावशीच्या बाजूने लढत होता. मी तिला एवढेच सांगितले की, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एकही गोळी घेऊ नकोस, आणि त्या चित्रातल्या पेशी काचेच्या बशीतल्या आहेत, तुझ्या नाहीत. ती हसली. डॉक्टरांनी उपचार संपेपर्यंत असे काही घेऊ नका म्हणून सांगितले, आणि तिने ते ऐकले.

ही भीती काल्पनिक नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. बीटा-कॅरोटिन हे अँटिऑक्सिडंट फुप्फुसाच्या कर्करोगापासून वाचवील, अशी आशा होती. प्रत्यक्षात ते घेणाऱ्यांमध्ये त्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले. बशीतल्या पेशी, प्राणी आणि माणूस यांच्यात किती अंतर असते, हे त्या चाचणीने फार महागात शिकवले.

२०२२ मध्ये या विषयातील अनेक ज्येष्ठ संशोधकांनी मिळून मोजमापाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांचा आग्रह असा की, शक्य तेथे मोघम शब्दाऐवजी नेमक्या रेणूचे नाव घ्यावे, शोधकाचे रसायनशास्त्र समजून घ्यावे आणि एकाच पद्धतीवर विसंबू नये. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे याहून वेगळे नाही. प्रयोग मांडताना पेशीविना एक खळगा ठेवा, शोधकाविना एक आणि औषधाविना एक. चमक उतरली तर ती कोणी उतरवली, हे विचारा. वाढली तर पेशी मरत तर नाहीत ना, ते पाहा. ऑक्सिडीकारक काढून घेणारे विकर घातल्यावर चमक जाते का, ते तपासा. आणि जे विज्ञानाचे विद्यार्थी नाहीत, पण बातम्या आवडीने वाचतात, त्यांनी तीनच गोष्टी शोधाव्यात: पेशी कोणाच्या, मोजले कशाने, आणि दुसऱ्या कोणत्या पद्धतीने पडताळले.

बार्शीच्या त्या विद्यार्थिनीचा प्रबंध आता लिहून होत आला आहे. पूर्वी तिच्या आलेखाच्या उभ्या अक्षावर ‘ऑक्सिडीकारक ताण’ असे लिहिलेले होते. परवा तिने नवा मसुदा पाठवला. अक्षावर आता लिहिले आहे: ‘डीसीएफची प्रतिदीप्ती’. जांभळाविषयी तिला जे म्हणायचे आहे, ते त्यानंतरच्या चार पानांत, एकेका पुराव्यासह, तिने स्वतंत्रपणे मांडले आहे.